घोगरा, बसका, चिरका, भसाडा

घोगरा आवाज आणि बसलेला आवाज एक नव्हेत. भसाडा या दोन्हींहून वेगळा, आणि चिरक्याची तर जातच निराळी. मी सांगलीत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. तोतरेपणा, उशिरा बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर वाचा गेलेले लोक असे सगळेच माझ्याकडे येतात, पण माझा जीव रमतो तो आवाजाच्या रुग्णांत. त्यांच्या केसपेपरवर सगळ्यात वर एक ओळ असते: तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत. ही ओळ मी कधीही इंग्रजीत भरत नाही. शिकताना आम्हाला या सगळ्या आवाजांना मिळून 'होर्सनेस' हा एकच शब्द दिला होता. जतकडची एखादी आजी मात्र खुर्चीवर टेकता टेकता सांगते, "नरडं बसलंय बघा, पन घोगरं न्हाय झालं. नुसती हवाच जातीया." घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालायच्या आधीच मला अंदाज येतो, की हिचे दोन स्वरतंतू नीट मिटत नसणार.

आवाज तयार कसा होतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कंठात दोन स्वरतंतू असतात. तंतू म्हणतात खरं, पण त्या असतात मऊ घड्या. फुप्फुसातून हवा वर आली की त्या उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा होतं, बाईच्या बोलण्यात २०० च्या आसपास, लहान मुलाच्या त्याहूनही जास्त. दर वेळी पूर्ण मिटणं आणि एकसारखं मिटणं, या दोन गोष्टी जमल्या की आवाज स्वच्छ येतो. आता यातलं नेमकं काय बिघडलं, ते मराठीतला एकेक शब्द सांगतो.

घोगऱ्या आवाजात स्वरतंतू सुजलेले असतात. सुजले की जड होतात, आणि जाड तारेसारखे सावकाश हलायला लागतात, तेही वेडेवाकडे. म्हणून आवाज खाली उतरतो आणि खरखरतो. सर्दी-पडसं, विडी-सिगारेट, रात्री घशाशी येणारं पित्त, ही नेहमीची कारणं. बसलेल्या आवाजात तंतू पूर्ण मिटतच नाहीत, मधून हवा निसटते. आवाज खाली जाईलच असं नाही, तो फक्त कमी होतो, विरतो. 'बसला' हे क्रियापद मला फार उपयोगाचं वाटतं, कारण त्याच्यामागे लगेच 'कधी?' विचारता येतं आणि माणसाला ते आठवतं. वरातीत बसला. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बसला. उठलो आणि बसलेला होता.

हे शेवटचं उत्तर ऐकलं की मी सावध होते. घसा दुखला नाही, ओरडणं झालं नाही, सर्दी नाही, आणि आवाज एकाएकी बसून महिना झाला, तर एका बाजूच्या स्वरतंतूची नस गेलेली असू शकते. गळ्यातल्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर हे होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण डाव्या बाजूची नस कंठाकडे सरळ जात नाही. ती छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. त्यामुळे छातीतल्या गाठीचा पहिला पत्ता कधी कधी आवाजात लागतो. असा माणूस आला की मी त्याला व्यायाम शिकवत बसत नाही, आधी तपासणीला पाठवते.

फाटका आवाज आणखी वेगळा. खालच्या पट्टीत तो ठीक चालतो. जोर लावला की मध्येच दुभंगतो आणि एकाच्या जागी दोन आवाज ऐकू येतात. आमच्या गावात हळदीचे सौदे चालतात. तिथे बोली पुकारणाऱ्या एकाने मला सांगितलं होतं, "मॅडम, चार हजारापर्यंत आवाज चालतो, वर चढलो की फाटतो." भाव चढतो तशी पट्टी चढते, आणि फाटायची जागा त्याला नेमकी ठाऊक होती. मी त्याला पेटीवर स्वर धरायला लावले तेव्हा आवाज त्याच उंचीला फाटला. त्याच्या डाव्या तंतूवर एक मऊ फोड निघाला.

आवाज कानाने तपासण्याची एक जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. ती जपानमध्ये तयार झाली आणि मिनोरू हिरानो यांच्या १९८१ सालच्या पुस्तकामुळे सगळीकडे पोहोचली. एकूण बिघाड किती, खरखर किती, हवा किती निसटते, आवाज किती क्षीण आहे आणि किती ताणून काढलेला आहे, या पाच गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे. चांगली पद्धत आहे, मी रोज वापरते. पण माझ्याकडचे लोक हे गुण न देताही आवाज वेगवेगळे करून ठेवतात. खरखरीत म्हणजे दुसरा रकाना, फुसका म्हणजे तिसरा, मेलेला आवाज म्हणजे चौथा, आणि घसा आवळून बोलतो म्हणजे पाचवा.

शब्दांकडे थोडं बारकाईने पाहा. खरखर, घरघर, करकर, चरचर, टरटर, किरकिर, कुरकुर: या सगळ्यांत 'र' आहे, आणि सगळे आवाज लांबणारे, खडबडीत आहेत. खणखण, छणछण, झणझण, ठणठण यांत 'ण' आहे, आणि हे सगळे घुमणारे आहेत. खटखट, कटकट यांत 'ट' आहे, तिथे ठोका पडतो आणि संपतो. खळखळ, सळसळ यांत 'ळ', तिथे काहीतरी वाहतं किंवा सरकतं. आता आवाजाला मिळणारी दाद आणि नावं पाहा. चांगला आवाज खणखणीत, वाईट आवाज खरखरीत. सुरुवात एकाच 'ख' ने, पण एकाचा नाद घुमत राहतो आणि दुसरा कानाला घासतो.

'र' चीच निवड का, याचं कारण कानात आहे असं माझं मत आहे. एखादा आवाज सेकंदाला पंधरा-वीस वेळा कमीजास्त होत असेल तर ते हेलकावे आपल्याला सुटे कळतात. ते खूप भराभर व्हायला लागले की कान ते एकजीव करून टाकतो. मधल्या पट्ट्यात, सेकंदाला साधारण ७० वेळा, कानाला ते ना मोजता येत ना मिसळता येत, आणि तिथेच सगळ्यात जास्त खरखर जाणवते. जिभेचं टोक वरच्या दातांमागे थरथरवून आपण 'र्र्र' करतो, तेव्हा तोंडातल्या तोंडात असाच तुटक आवाज काढतो, जरा सावकाश एवढंच. वाक्याच्या शेवटी दम संपल्यावर आवाज कुरकुरत खाली जातो ना, 'हो नाऽऽ' म्हणताना, तेव्हा स्वरतंतू खरोखरच इतक्या कमी वेळा उघडमीट करत असतात. दार करकरतं तसा तो गळा करकरतो. आजार नाही तो, पण दिवसभर तसंच बोललं तर घसा थकतो.

खरखर आणि घरघर यांतला फरक तर आयांकडून शिकावा. घसा खरखरतो म्हणजे कोरडं, वर, घशात. छाती घरघरते म्हणजे ओलं, खाली, कफ. बाळाला घेऊन आलेली आई या दोन शब्दांत कधी गोंधळ करत नाही. तिसरा आवाज शिट्टीचा, तो दम्यात येतो आणि बहुतेक वेळा श्वास सोडताना. चौथा आवाज मात्र श्वास घेताना येतो, कोंबडा आरवल्यासारखा किंवा चिरकल्यासारखा. त्याला मराठीत एकच ठाम शब्द मला मिळालेला नाही, म्हणून मी प्रत्येक आईला विचारते, "घेताना की सोडताना?" जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालेला, पाठीवर झोपवलं की वाढणारा असा आवाज पुष्कळदा कंठाच्या मऊपणामुळे असतो, आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक बाळांचा जातो. पण श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, दूध पिताना बाळ निळं पडत असेल, तर वाट पाहायची नाही, त्याच पावली दवाखाना गाठायचा.

शिक्षिकांबद्दल लिहिलं नाही तर माझं लिहिणं अपुरं राहील. माझ्याकडे आवाजासाठी येणाऱ्यांत शाळेतल्या बायका सगळ्यात जास्त. त्यांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते: सकाळी चांगला असतो, दुपारनंतर चरचरतो, शुक्रवारपर्यंत जातो, रविवारी परत येतो. इतकं ऐकलं की स्वरतंतूंवरच्या गाठी डोळ्यांसमोर येतात, हातांना घट्टे पडतात तशा. दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे, कारण आपटणं तिथेच सगळ्यात जोराचं असतं. सेकंदाला २०० म्हणजे सलग एक मिनिट बोललं तर १२,००० वेळा. पत्र्याचं छप्पर, वर पाऊस, समोर साठ मुलं, आणि बाजूच्या वर्गातले पाढे. या बायकांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ऑपरेशन करावं लागेल. बहुतेक वेळा लागत नाही. पाणी, विश्रांती, दम पोटातून घ्यायची सवय, वर्गात साधा छोटा माइक, आणि काही आठवडे नेटाने केलेले व्यायाम यांनी गाठी विरतात. कुजबुजत बोलणं म्हणजे घशाला आराम, असं पुष्कळ जणी समजतात. तसं नाही, बऱ्याच जणांचा घसा कुजबुजताना उलट आवळतो. गप्प बसणं हाच आराम.

मुलांच्या गाठींसाठी मी आयांना क्रियापद विचारते. ओरडतो, किंचाळतो, केकाटतो, खेकसतो की भोकाड पसरतो? आधी हसतात, मग विचार करून अचूक सांगतात. ओरडण्यात सगळा गळा उघडा असतो. किंचाळणं वरच्या पट्टीतलं, तंतू ताणून. केकाटणं तसंच, पण तुटक आणि वारंवार. खेकसण्यात तंतू आधी घट्ट मिटतात आणि मग हवा त्यांना धक्का देऊन उघडते. शब्दातला 'ख' तो धक्का दाखवतोच. भोकाड पसरणारं मूल दमून झोपतं, त्याच्या गळ्याची मला फारशी काळजी नसते. काळजी असते ती दिवसभर खेळता खेळता मोटारींचे, वाघांचे, मारामारीचे आवाज घसा आवळून काढणाऱ्या मुलांची. अशा मुलांना 'गप्प बस' सांगून उपयोग होत नाही. त्यांना मी मोटारीचा आवाज ओठांनी काढायला शिकवते, भुर्रर्र. ओठ थरथरतात, गळा सैल राहतो, आणि हाच आमच्या उपचारातला एक चांगला व्यायामही आहे.

आता चिरका. मुलगा तेराचौदा वर्षांचा झाला की आपण म्हणतो, याचा आवाज फुटला. वर्षाच्या आत कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात, आणि मधले काही महिने आवाज घसरतो, चिरकतो, मग खाली स्थिर होतो. काही मुलांचा होत नाही. कंठ मोठ्या माणसाचा, आवाज मात्र पोराचा. स्नायूंना कंठ वर उचलून धरायची जुनी सवय राहिलेली असते, एवढंच. अशी मुलं वर्गात हजेरी देत नाहीत, फोन उचलत नाहीत, कारण पलीकडून 'ताई' म्हणतात.

असाच एक मुलगा आला होता, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा, वडिलांबरोबर. वडीलच बोलत होते. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. त्याच्या घाटीवर, म्हणजे कंठाच्या पुढच्या उंचवट्यावर, अंगठा ठेवून हलकेच मागे आणि खाली दाबलं आणि म्हटलं, "आ म्हण." आधी आवाज चिरकला. मी दाब तसाच ठेवला. "खोक, आणि खोकल्याच्या शेपटाला आ जोड." खोकला आला तो जाड, आणि त्याला जोडून जो 'आ' आला तो पुरुषाचा होता. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काढला. मग अंगठा काढून काढला. मग 'माझं नाव' एवढे दोन शब्द त्या आवाजात म्हटले आणि पुढे बोलेनाच. नाव त्याने त्या आवाजात पहिल्यांदा घेतलं ते दुसऱ्या भेटीत. हा आवाज घशात आधीपासूनच असतो, म्हणून उपचार महिन्या-दोन महिन्यांत होतो. मन तयार व्हायला त्याहून वेळ लागतो. घरात एकदम वेगळ्या आवाजात 'आई, चहा दे' म्हणायलाही धीर लागतो. पण आधीची सात-आठ वर्षं घरातलं कुणी त्याला घेऊन आलं नव्हतं. 'त्याचा आवाज चिरकाच आहे' असं म्हणून सगळ्यांनी तो त्याचा स्वभाव मानला होता. तुमच्या ओळखीत असा मुलगा असेल तर कृपा करून त्याला पाठवा, कुठल्याही जवळच्या थेरपिस्टकडे.

आणि भसाडा? भसाडा हा आजारच नव्हे. आवाज मोठा, रुंद, धार नसलेला, एवढंच त्याचं वर्णन. माझ्याकडे भसाड्या म्हणून आलेल्या बायकांचे कंठ दुर्बिणीत अगदी निरोगी दिसतात. त्यांना आवाजाचा त्रास नसतो, तो शब्द ऐकण्याचा त्रास असतो, आणि तो शब्द मुख्यतः बायकांनाच ऐकवला जातो. त्याच आवाजाच्या पुरुषाला आपण भारदस्त म्हणतो. एका बाईंनी लहानपणी प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची आज्ञा पाळली होती, आणि चाळिशीतही त्या आरतीला तोंड उघडत नव्हत्या. त्यांना मी व्यायाम दिले नाहीत. गोंधळ्यांची गाणी ऐकायला सांगितली. संबळाच्या कडकडाटावरून पलीकडे जायचं तर गळ्यात तसाच दाणा लागतो, गुळगुळीत आवाज तिथे बुडून जातो.

आवाजाचे दोष मांडून ठेवण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या काळात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. घराणं मूळ काश्मीरचं, स्वतः दरबारात हिशेबाचा अधिकारी, आणि वैद्यकाचाही जाणकार. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तो गर्भापासून शरीराची रचना सांगतो. पुढे प्रकीर्णकाध्यायात वाईट आवाजाचे आठ प्रकार येतात: रूक्ष, स्फुटित, निःसार, काकोली, केटि, केणि, कृश आणि भग्न. निःसार म्हणजे एरंडाच्या कांडासारखा, आतून पोकळ. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा जतच्या आजीची 'नुसती हवाच जातीया' ही तक्रार समोर उभी राहिली. काकोली कावळ्यांच्या थव्यासारखा कठोर. कृश म्हणजे अगदी बारीक. गाणाऱ्याचे पंचवीस दोष त्याने वेगळे दिले आहेत, त्यात दात आवळून गाणारा आहे, भीत भीत गाणारा आहे, आणि अगदी शेवटी सानुनासिक, म्हणजे नाकात गाणारा. गळ्याचा दोष वेगळा आणि गाणाऱ्याच्या सवयीचा दोष वेगळा, ही विभागणी मला फार मोलाची वाटते. भसाड्याचा त्रास घेऊन येणाऱ्या बाईला आणि गाठी झालेल्या शिक्षिकेला एकाच रकान्यात घालायचं नाही, हे त्याने इथेच, आपल्या मातीत, लिहून ठेवलं आहे.

नाकातल्या आवाजाशी मात्र माझी रोजची अडचण आहे. गेंगाणा हा एकच शब्द आपण दोन उलट्या गोष्टींना वापरतो. टाळू फाटलेल्या मुलाच्या बोलण्यात हवा नको तिथे, नाकात, जाते. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाची हवा जायला हवी तिथेही जात नाही, म्हणून तो 'मामा' म्हणायला जातो आणि ऐकू येतं 'बाबा'. 'नाना' म्हणतो आणि ऐकू येतं 'दादा'. ओळखायची युक्ती सोपी आहे. मुलाला 'काका, पापड, टोपी' असे शब्द म्हणायला लावा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटत होती. किंवा नाकपुडीखाली थंड आरसा धरा, 'पापड' म्हणताना त्यावर धुकं धरलं तर तेच. पहिल्या मुलाला शस्त्रक्रिया आणि थेरपी लागते, दुसऱ्याला फक्त नाकाचा इलाज. आणि दोघांचीही नोंद माझ्या कागदावर रुग्णाच्या शब्दांत होते ती 'गेंगाणा' अशीच.

कोकणात, खानदेशात, विदर्भात किंवा गोव्यात या दोन आवाजांना वेगवेगळे शब्द असतील तर मला ते हवे आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि शब्दाबरोबर तो कुणाबद्दल, कसा वापरतात तेही लिहा. श्वास घेतानाच्या त्या चौथ्या आवाजाचा शब्दही कुणाकडे असेल तर तोही. आणि तुमचा स्वतःचा किंवा घरात कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, घोगरा किंवा फाटका असेल, त्यातून तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल, तर शब्द शोधत बसू नका, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कंठ पाहून घ्या.